हिशेब खोटा, म्हणून काम खोटे?

जानेवारी 2023 मध्ये 'द गार्डियन', 'डी त्साइट' आणि 'सोर्समटेरियल' यांनी मिळून वर्षावनांच्या कार्बन क्रेडिटांची, म्हणजे उत्सर्जन टाळल्याच्या विकाऊ दाखल्यांची, झडती घेतली. व्हेरा ही या बाजारातली सर्वांत मोठी प्रमाणन संस्था. तिने मंजूर केलेल्या वर्षावन-क्रेडिटांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्रेडिटांमागे प्रत्यक्षात काहीच नाही, असा निष्कर्ष त्यांनी छापला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साउथ पोल या क्रेडिटे विकणाऱ्या बड्या स्विस कंपनीने झिम्बाब्वेतल्या करिबा जंगल-प्रकल्पातून अंग काढून घेतले. जानेवारी 2024 मध्ये सुधारित चुलींच्या प्रकल्पांवरचा अभ्यास आला. खऱ्या बचतीच्या नऊ पटींहून अधिक क्रेडिटे या प्रकल्पांनी पदरात पाडून घेतली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मधल्या एका व्यापक आढाव्याने सांगितले की, तपासलेल्या क्रेडिटांपैकी सोळा टक्क्यांहून कमी क्रेडिटे खऱ्या उत्सर्जन-कपातीशी जुळतात.

इतके घाव बसल्यावर एक मत रूढ झाले, यात नवल नाही. ते मत असे: कार्बन क्रेडिट ही पापक्षालनाची दुकानदारी आहे, जंगल राखण्यासाठी किंवा हवेतला कार्बन शोषून घेण्यासाठी कंपन्यांकडून पैसा घेणे म्हणजे प्रदूषकाच्या हाती परवाना देणे, तेव्हा हा पैशाचा ओघच बंद व्हावा. पर्यावरणाच्या चळवळीत, परिसंवादांत, संपादकीय पानांवर हे आता जवळजवळ गृहीतच धरले जाते. या मताची बहुतेक गृहीतके मला मान्य आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. त्याचे चार मुद्दे आहेत. पहिला पुराव्याचा: तपासणी झाली तिथे तिथे दावे फोल ठरले. दुसरा नीतीचा: काही डॉलरांत एक टन विकत घेऊन कंपनी स्वतःला 'कार्बन न्यूट्रल' म्हणवते आणि धुराडे तसेच चालू ठेवते. तिसरा काळाचा: कोळसा जाळून हवेत गेलेला कार्बन हजारो वर्षे परिणाम करत राहतो, झाडात साठवलेला कार्बन एका वणव्यात परत हवेत जातो, दोन्हींना एकाच तराजूत घालणे ही फसवणूक आहे. चौथा राजकारणाचा: जंगल राखणे हे सरकारचे काम आहे, ते कायद्याने आणि करातून व्हावे, बाजाराच्या लहरीवर सोडू नये.

पुराव्यापासून सुरुवात करू, कारण सारी इमारत त्याच्यावर उभी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये 'सायन्स'मध्ये थेल्स वेस्ट आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. सहा देशांतले 26 जंगल-प्रकल्प त्यांनी तपासले. प्रकल्पाच्या जंगलाशी मिळतीजुळती पण प्रकल्पाबाहेरची जंगले शोधायची आणि दोन्हींची तुलना करायची, अशी त्यांची पद्धत. ज्या 18 प्रकल्पांची पुरेशी माहिती हाती होती, त्यांच्याकडून 2020 पर्यंत सुमारे 8 कोटी 90 लाख क्रेडिटे बाजारात येणे अपेक्षित होते. खऱ्या कपातीशी जुळणारी त्यांत फक्त 54 लाख निघाली. म्हणजे शंभरात सहा. रूढ मत इथेच थांबते.

पण गार्डियनच्या तपासाने ज्या तीन अभ्यासांचा आधार घेतला, त्यांतला एक केंब्रिजच्या संशोधकांचा होता आणि 2022 मध्ये तो 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी'त प्रसिद्ध झाला होता. त्यात नऊ देशांतल्या 40 प्रकल्पांची अशीच तुलना आहे. निष्कर्ष असा की, पहिल्या पाच वर्षांत प्रकल्पाच्या हद्दीतली जंगलतोड मिळत्याजुळत्या जंगलांपेक्षा 47 टक्क्यांनी कमी होती. याच अभ्यासाच्या आकड्यांवरून पत्रकारांनी दाखवले की, जंगलाला असलेला धोका प्रकल्पांनी सरासरी 400 टक्क्यांनी फुगवून सांगितला होता. एकाच अभ्यासातून निघालेल्या या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण नाहीत. समजा, प्रकल्प नसता तर 100 हेक्टर जंगल तुटले असते. प्रकल्पामुळे 53 हेक्टर तुटले, 47 वाचले. विकासकाने मात्र कागदावर 500 हेक्टर तुटणार असे भाकीत केले होते, म्हणून त्याने 447 हेक्टर वाचवल्याचा दावा विकला. विकलेल्या दाव्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग खोटा, आणि तरीही 47 हेक्टर जंगल खरोखर उभे. कोणत्याही एका प्रकल्पाचे आकडे हे नव्हेत. पण खोटा हिशेब आणि खरे काम एकाच ठिकाणी कसे नांदू शकतात, ते यातून दिसते. केंब्रिजच्या अभ्यासाने आणखीही एक गोष्ट नोंदवली आहे: एकूण बचत क्षेत्रफळात लहानच होती, पण जिथे जंगलतोडीचा धोका मोठा होता तिथे ती अधिक होती. म्हणजे पैसा कुठे घालावा, याचे उत्तरही त्याच पुराव्यात आहे.

हिशेब का फुगला, हेही गूढ नाही. प्रकल्प नसता तर काय झाले असते, ही बेसलाइन क्रेडिट विकणाराच लिहीत असे. तुलनेसाठी कोणता प्रदेश घ्यायचा, हेही पुष्कळ अंशी तोच ठरवी. तपासनीस नेमणारा आणि त्याचे बिल भरणारा तोच. प्रमाणन संस्थेचे उत्पन्न क्रेडिटांच्या संख्येवर. घेणाऱ्यालाही स्वस्तात पुष्कळ टन हवे असत. या साखळीत आकडा कमी असावा अशी इच्छा असणारा एकही माणूस नव्हता. अशा रचनेतून खरा आकडा बाहेर आला असता तरच आश्चर्य. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर दोष हिशेबाच्या रचनेत सिद्ध झाला आणि निष्कर्ष कामावर काढला गेला. ही अतिव्याप्ती आहे.

मग विक्रेत्याच्या हातात बेसलाइन नसेल तेव्हा काय होते? युगांडातल्या एका प्रयोगाने याचे स्वच्छ उत्तर दिले आहे. सीमा जयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 121 गावांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे 60 गावे निवडली. त्या गावांतल्या खासगी जंगलाच्या मालकांना झाडे न तोडण्याबद्दल हेक्टरी वर्षाला 28 डॉलर देऊ केले. उरलेल्या 61 गावांत काहीच दिले नाही. दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजले, तेव्हा पैसे न मिळालेल्या गावांत वृक्षाच्छादन 9.1 टक्क्यांनी घटले होते, पैसे मिळालेल्या गावांत 4.2 टक्क्यांनी. हा निबंध 2017 मध्ये 'सायन्स'मध्येच आला. दोन वर्षे हा काळ थोडा आहे हे मान्य. पण 'पैसे दिल्याने जंगल राहत नाही' हे विधान खोडायला इतका पुरावा पुरे.

आता नीतीचा मुद्दा. तो मला पूर्ण मान्य आहे आणि त्याला पुरावा खुद्द तेलउद्योगानेच पुरवला आहे. हवेतून कार्बन खेचणारे प्रचंड संयंत्र टेक्ससमध्ये उभारणाऱ्या ऑक्सिडेंटल कंपनीच्या प्रमुख विकी हॉलब यांनी मार्च 2023 मध्ये जाहीर परिषदेत सांगितले होते की, या तंत्रामुळे आपल्या उद्योगाला आणखी साठ-सत्तर वर्षे चालू राहण्याचा परवाना मिळतो. यापेक्षा उघड कबुली टीकाकारांना कुठे मिळणार?

परंतु परवाना नेमका कशाने मिळतो, ते पाहावे. पैसे दिल्याने तो मिळत नाही. दिलेल्या पैशाच्या बदल्यात स्वतःच्या उत्सर्जनातून तेवढे टन वजा करू दिल्याने मिळतो. ही वजाबाकी काढून टाकली तर परवानाही जातो आणि काम मात्र शिल्लक राहते. ही कल्पनाविलासातली गोष्ट नाही. ब्राझीलने 2008 मध्ये अमेझॉन फंड उभा केला. आधीच्या वर्षांत जंगलतोड किती घटली हे उपग्रहाच्या नोंदींवरून ठरवायचे आणि त्या प्रमाणात देणगी घ्यायची, अशी त्याची रचना. नॉर्वेने त्यात एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घातली आणि बदल्यात आपल्या खात्यातून एक टनही वजा केला नाही. ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये 2004 साली सुमारे 27,700 चौरस किलोमीटर जंगल तुटले होते. 2012 साली हा आकडा 4,600च्या खाली आला.

याचे श्रेय एकट्या फंडाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. घट फंडाच्या आधीच सुरू झाली होती. तिच्यामागे उपग्रहाची तत्काळ निगराणी होती, वनरक्षकांच्या धाडी होत्या, राखीव क्षेत्रे होती, तोडलेल्या जंगलावरचे सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा 2006 चा करार होता. सरकार बदलले, 2019 मध्ये फंड गोठला आणि तोड पुन्हा वाढली. 2023 मध्ये फंड सुरू झाला आणि तोड पुन्हा उतरू लागली. यातून पैसा सर्वशक्तिमान आहे असे ठरत नाही. राज्याची इच्छा असेल तिथे बाहेरचा पैसा तिला बळ देऊ शकतो, आणि देणाऱ्याच्या धुराड्याला त्यातून कोणतीही सूट मिळावी लागत नाही, एवढे ठरते. रूढ मताने नेमका हाच भेद पुसून टाकला आहे.

तिसरा मुद्दा काळाचा. इथेही टीकाकार बरोबर आहेत. कॅलिफोर्नियाच्या जंगल-क्रेडिट योजनेत वणव्याच्या भरपाईसाठी काही क्रेडिटे राखून ठेवलेली असतात. ती शंभर वर्षे पुरतील असे गणित होते. 2022 च्या एका अभ्यासाने दाखवले की, वणव्यांसाठी राखलेल्या हिश्शातला 95 टक्के भाग दहा वर्षांच्या आतच संपला. तेव्हा कोळशाचा टन झाडाच्या टनाने फिटत नाही, हे खरेच. पण यातून जंगलाला पैसा देऊ नये असे निघत नाही. जंगलाला पैसा जंगलासाठी द्यावा, आणि जमिनीतून काढलेल्या कार्बनची फेड हजारो वर्षे टिकणाऱ्या साठवणीनेच करावी, असे निघते.

अशा टिकाऊ साठवणीची गरज आता मतभेदाचा विषय राहिलेली नाही. आयपीसीच्या 2022 च्या अहवालाने सांगितले आहे की, नक्त शून्य गाठायचे तर सहजासहजी न टळणाऱ्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी कार्बन काढून घेणे अपरिहार्य आहे. सध्या जग वर्षाला सुमारे 2 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अशा प्रकारे काढते. तो जवळजवळ सगळा झाडे आणि जमीन यांच्यामार्फत. नव्या, टिकाऊ पद्धतींचा वाटा 2024 च्या एका जागतिक आढाव्यानुसार अवघा 13 लाख टन आहे. जीवाश्म इंधनांचे उत्सर्जन मात्र वर्षाला 37 अब्ज टनांच्या घरात. आइसलँडमधले ओर्का हे संयंत्र 2021 मध्ये सुरू झाले, ते वर्षाला 4,000 टन क्षमता जाहीर करून. प्रत्यक्षात त्याने तेवढेही काढले नाही. 'पाहा, हे तंत्र चालत नाही' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण महाग आणि तोकड्या तंत्राला गिऱ्हाईक नसेल, तर ते स्वस्त आणि मोठे होणार तरी कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर लसींच्या इतिहासात आहे आणि त्याचे एक टोक पुण्यात आहे. न्यूमोनियाची लस गरीब देशांतल्या मुलांना परवडत नव्हती, म्हणून कंपन्या त्या देशांसाठी क्षमता वाढवत नव्हत्या. 2009 मध्ये इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे हे पाच देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी दीड अब्ज डॉलर बाजूला ठेवून वचन दिले: ठरलेल्या गुणवत्तेची लस ठरलेल्या किमतीला द्या, आम्ही घेऊ. आरंभीचा बहुतेक पैसा फायझर आणि ग्लॅक्सो या दोन धनाढ्य कंपन्यांकडे गेला, त्यावर रास्त टीकाही झाली. पण दहा वर्षांनी, डिसेंबर 2019 मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'न्यूमोसिल' लशीला जागतिक आरोग्य संघटनेची पात्रता मिळाली. त्यानंतर तीही याच व्यवस्थेतून कमी किमतीत पुरवली जाऊ लागली. 2022 मध्ये स्ट्राइप, अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा आणि मॅकिन्झी यांनी हवेतून काढलेला कार्बन विकत घेण्यासाठी 92.5 कोटी डॉलरचा 'फ्रंटियर' निधी उभारला, तो हाच नमुना समोर ठेवून. एक फरक विसरता कामा नये. लस घेणारे मूल असते. हवेतून काढलेला कार्बन कोणालाच नको असतो. म्हणून इथे अखेर गिऱ्हाईक सरकारलाच निर्माण करावे लागेल, कायद्याच्या सक्तीने. तोवर खासगी वचननिधी फार तर पूल आहे. पण पुलाशिवाय पलीकडे जाता येत नाही.

आपल्या पायाखालच्या दगडाशीही या प्रश्नाचा संबंध आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, दळून शेतात टाकला की पावसाच्या पाण्यातले सौम्य कार्बोनिक आम्ल त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग पावते; हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर नदीकडे आणि समुद्राकडे जातो आणि तिथे हजारो वर्षे राहतो. लाखो वर्षांची झीज काही वर्षांत उरकण्याचा हा खटाटोप. एप्रिल 2025 मध्ये कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेतला 5 कोटी डॉलरचा पहिला पुरस्कार 'माटी कार्बन'ला मिळाला. भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांत बेसाल्टची भुकटी पसरण्याचे काम ही संस्था करते. इथेही डोळे मिटून चालणार नाही. दळायला आणि वाहून न्यायला इंधन लागते. काही बेसाल्टांत निकेल-क्रोमियम असते. शेतातून निघालेला कार्बन वाटेतच पुन्हा हवेत गेला नाही, हे मोजणे कठीण असते. आधीच बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत या भुकटीचा उपयोग कमी, आम्लधर्मी तांबड्या जमिनीत जास्त. या शंकांची उत्तरे शेतातून नमुने गोळा करूनच मिळतील, आणि त्या नमुन्यांना पैसा लागतो. 'आधी सिद्ध करा, मग पैसा देऊ' ही अट इथे घातली, तर सिद्ध होण्याची वाटच बंद होते.

उरला चौथा मुद्दा: हे सरकारवर सोपवावे. तत्त्व म्हणून हे मला सर्वांत जवळचे आहे. कोस्टारिकाने 1996 च्या वनकायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनकराच्या उत्पन्नातून पैसे द्यायला सुरुवात केली. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. तरीही आरंभीच्या वर्षांच्या अभ्यासांत असे आढळले की, बराच पैसा मुळात तुटणारच नव्हत्या अशा जंगलांना मिळाला होता. बाजाराच्या क्रेडिटांत जो दोष, तोच सरकारी अनुदानात. आणि आपल्याकडे? 2010 मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेसाठी. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि ती रक्कम राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळली. 'कॅम्पा' या भरपाई-वनीकरण निधीचे उदाहरण आणखी बोलके आहे. एका जागचे नैसर्गिक जंगल खाणीला किंवा धरणाला द्यायचे, पैसे भरायचे आणि दुसरीकडे रोपे लावायची, हा शुद्ध सरकारी ऑफसेटच. ऑगस्ट 2019 मध्ये या निधीतले 47,436 कोटी रुपये राज्यांना वाटले गेले. रोपे कोणाच्या जमिनीवर लावली, ग्रामसभेला विचारले का, किती जगली, हे प्रश्न तिथेही तसेच उभे आहेत. तेव्हा पैसा सरकारी असल्याने काम विश्वासार्ह होत नाही आणि खासगी असल्याने खोटे ठरत नाही.

आता मंडन. विश्वासार्ह निधीची पहिली अट म्हणजे बेसलाइन विकणाऱ्याच्या हातून काढून घेणे. भाकितावर नव्हे, तर मिळत्याजुळत्या जंगलाशी नंतर केलेल्या तुलनेवर हिशेब बसवावा. खुद्द व्हेराने 2023 च्या अखेरीस आणलेल्या नव्या पद्धतीत बेसलाइनचे आकडे प्रकल्पाबाहेरून देण्याची तरतूद केली. म्हणजे टीकेचा उपयोग होतो. दुसरी, तपासनिसाचे मानधन प्रकल्पाकडून नव्हे तर सामायिक निधीतून जावे. तिसरी, वजाबाकी नाही: देणाऱ्याने आपली कपात वेगळी दाखवावी, मदत वेगळी. चौथी, पैसा टनांच्या भाकितावर एकरकमी न देता वर्षानुवर्षे कामाला आणि मोजलेल्या फरकाला द्यावा. पाचवी आणि माझ्या मते मूळ अट, हक्क आधी, कार्बन नंतर.

या शेवटच्या अटीचा अर्थ गडचिरोलीत समजतो. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी आरंभीच्या गावांपैकी एक म्हणून. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. तिथे जंगल टिकले ते कार्बनच्या भावामुळे नव्हे, तर जंगलावर कोणाची सत्ता याचा निकाल लागल्यामुळे. जिथे असा निकाल लागलेला आहे, तिथे बाहेरचा पैसा गावाच्या हाती राहतो. जिथे लागलेला नाही, तिथे तोच पैसा गावाला जंगलाबाहेर काढतो. केनियाच्या गाझी खाडीत 'मिकोको पामोजा' या प्रकल्पात गावकरी 117 हेक्टर खारफुटी राखतात, वर्षाला सुमारे 3,000 टनांची क्रेडिटे विकतात आणि आलेला पैसा पाण्यावर, शाळेवर खर्च करतात. आकार नगण्य आहे. पण कोण राखतो, किती मोजले, पैसा कुठे गेला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावात जाऊन विचारता येतात. दहा लाख हेक्टरच्या कागदी प्रकल्पापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येईल: वजाबाकीची सोय काढली तर कंपन्या पैसाच देणार नाहीत. काही देणार नाहीत, हे खरे. ऐच्छिक निधी आटेल आणि उरलेले अंतर करानेच भरावे लागेल. पण खोट्या टनांसाठी आलेला पैसा गेला, तर गेला काय? त्याने जंगल थोडे वाचवले आणि धूर पुष्कळ झाकला.

हा वाद आता पुस्तकी राहिलेला नाही. केंद्राने 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आणि त्याच वर्षअखेर तिच्यात ऐच्छिक प्रकल्पांसाठी ऑफसेटची तरतूद जोडली. जंगल, खारफुटी, शेती यांच्या पद्धती या चौकटीत येत राहतील. बेसलाइन कोण ठरवणार, तपासनिसाला कोण नेमणार, ग्रामसभेची संमती लेखी असणार की नुसती सल्लामसलत, हे ठरण्याची वेळ हीच आहे. 'हे सगळे थोतांड' म्हणून बाजूला बसणाऱ्यांची या तिन्ही प्रश्नांवरची समज सर्वांत पक्की आहे, कारण बेसलाइनची लबाडी त्यांनीच उघड केली. त्यांनी बहिष्कार टाकला, तर मसुद्यावरच्या हरकती नोंदवायला फक्त क्रेडिट विकणारे उरतील, आणि 2023 मध्ये पकडलेला खोटा हिशेब सरकारी शिक्क्यानिशी परत येईल.